कापसात बाटली वाजत नाही

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव गाळून, थोडं आखडून देतो:

"दादा, आमची पाच एकर केळी, तीन एकर कापूस. मिस्टर अडतीस वर्षांचे. दहा वर्षं प्यायले. दिवाळीनंतर ३५ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, त्याला चार महिने झाले. तीन महिने थेंब नाही. मग फाल्गुनात चुलत दिराच्या हळदीला घेतली. दुसऱ्या दिवशी खूप रडले. तेव्हापासून नाही म्हणतात, पण माझा विश्वास बसत नाही. ते झोपले की मी तोंडाचा वास घेते. खिसे, डिक्की, गोठा, सगळं तपासते. मला झोप नाही. ते इतके चिडचिडे झालेत की वाटतं, प्यायचे तेव्हा निदान हसायचे तरी. सासूबाईंनी त्यांच्या भावाकडून गोळ्या आणल्यात, दारू प्यायली की उलटी होते अशा. आठ दिवस मी त्या कुटून वरणात घालतेय, त्यांना माहीत नाही. आता आखाजी (अक्षय तृतीया) आली. गावात पत्ते बसतील, बाटल्या येतील. तीन वर्षं मी आखाजीला माहेरी गेले नाही. यंदा भाऊ घ्यायला येतो म्हणतोय. जाऊ का? आणि केंद्राचे पैसे वाया गेले असंच समजायचं का?"

ताई,

आधी वरणाचं बोलू. बाकीचं तोवर थांबलं तरी चालेल.

ती गोळ्यांची पट्टी काढा आणि नाव वाचा. "प्यायली की उलटी" म्हणून जी गोळी देतात ती बहुधा डायसल्फिरम असते. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन करतं आणि लगेच त्याचाही निकाल लावतं. ही गोळी ते दुसरं काम अडवते. मग ते विष अंगात साचतं. चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, दम लागतो, रक्तदाब खाली येतो. हृदय कमकुवत असेल, किंवा दारू जास्त गेली असेल, तर जीवही जाऊ शकतो. आणि गोळी बंद केली म्हणून तिचा अंमल दुसऱ्या दिवशी संपत नाही, तो दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणजे तुम्ही आज वरणात घालायचं थांबवलंत तरी आखाजीला त्यांनी ग्लास तोंडाला लावला तर काय होईल, याचा हिशेब करा.

औषध वाईट नाही. मी स्वतः ते दीड वर्ष घेतलं. डॉक्टरांनी यकृताची तपासणी केली, छातीची पट्टी (ईसीजी) काढली, काय होईल ते नीट समजावलं, मग दिलं. रोज सकाळी चहाआधी मी हिच्यासमोर माझ्या हाताने गोळी घ्यायचो. एकदा सकाळी ती घेतली की दिवसभर "घेऊ की नको" हा तंटा डोक्यात उरायचा नाही. तिचा खरा उपयोग तेवढाच, आणि तो घेणाऱ्याला माहीत असेल तरच. या औषधाचा दारूशी असलेला संबंध डेन्मार्कच्या दोन संशोधकांच्या ध्यानात आला, १९४८ साली त्यांनी तो जाहीर केला. जंतांवर चालेल का म्हणून त्यांनी ती गोळी आधी स्वतःच घेऊन पाहिली होती, आणि नेहमीसारखी थोडी दारू घेतल्यावर चांगलेच आजारी पडले होते. त्यांना निदान आपण काहीतरी घेतलंय हे ठाऊक होतं. तुमच्या मिस्टरांना तेवढंही ठाऊक नाही.

म्हणून आज रात्रीपासून वरण साधं. आणि त्यांना सांगा. हे जड जाणार. जेवताना सांगू नका, सासूबाईंसमोर नको. सकाळी, ते मळ्यात निघायच्या आधी: "मी घाबरले होते म्हणून तुम्हाला न विचारता गोळी देत होते. चुकलं. अजून दोन आठवडे दारू अंगावर येईल, म्हणून सांगतेय. दवाखान्यात सोबत जाऊ." एवढंच. सासूबाईंचं नाव त्यात घेऊ नका, नाहीतर भांडण तिकडे वळेल आणि मुद्दा राहून जाईल. ते भडकतील, आणि तो राग रास्त आहे. पण हात उगारतील अशी भीती असेल, तर घरात एकटीने बोलू नका, डॉक्टरांसमोरच बोला. केंद्राच्या डॉक्टरांना फोन करा. ते लांब असतील तर जळगावच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पट्टी सोबत न्या. पट्टी नसून बिननावाची पुडी असेल तर आत काय आहे ते देवालाही ठाऊक नाही, तीही डॉक्टरांना दाखवा. मोबाइलवर "न सांगता दारू सोडवा" म्हणून जाहिराती येतात ना, त्याही याच जातीच्या.

अजून एक, कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. घरात कुणाचं द्राक्षासव, कुमारीआसव, दशमूलारिष्ट असेल तर ते यांना देऊ नका. आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यांत दारूचा अंश असतोच. खोकल्याच्या काही औषधांतही असतो. दुकानदाराला विचारून घ्या.

हे झालं. आता वासाचं.

ताई, तुमच्या मिस्टरांच्या जागी मी होतो आणि तुमच्या जागी माझी बायको. मी पारोळ्याकडचा, कोरडवाहू कापसाचा शेतकरी. हीसुद्धा वास घ्यायची. तिने वास घ्यायला सुरुवात केली त्या आठवड्यात मी पेरूचा पाला चघळायला शिकलो. तिने डिक्की तपासली, मी गव्हाणीखाली ठेवायला लागलो. तिने गव्हाण शोधली, तर कापूस वेचून घरात आलेला. पुढची अख्खी खोली छतापर्यंत पांढरी. कापसात बाटली वाजत नाही, ताई. हात कोपरापर्यंत आत घातला की गार काच लागायची, आणि बाहेर काढताना अंगाला चार बोंडांचे पुंजके चिकटायचे, ते झटकायचं भान मात्र मी कितीही प्यायलो तरी ठेवायचो. त्या दिवसांत मी जितकी अक्कल वापरली तितकी शेतीत वापरली असती तर विहिरीला पाणी लागलं असतं.

सांगायचं ते हे की ती पहारा देत होती तोवर मला एकच काम होतं, पहारा चुकवणं. मी प्यावं की नाही हा प्रश्न माझा राहिलाच नव्हता, तो तिचा झाला होता. पकडलं नाही, म्हणजे जमलं. केंद्रातून आल्यावर पहिल्या महिन्यात ती पुन्हा वास घ्यायला लागली. मी प्यायलो नव्हतो. झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो, तिचा श्वास गालावर लागत होता, आणि मनात आलं, हिला वाटतंयच ना, मग प्यायलो तर काय बिघडलं? इतकं पोरकट डोकं असतं ते. खरं सांगतो, लाज वाटते.

मग तुम्ही काय करायचं? शोधणं बंद. ठरवून, तारीख घालून बंद, आणि त्यांना तसं सांगून बंद. "आजपासून मी वास घेणार नाही, खिसे बघणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा." पहिले आठ दिवस तुमचाच हात शिवशिवेल. जे डोळ्यांना उघड दिसेल त्यावर मात्र गप्प बसू नका. झोकांड्या खात आले तर त्या रात्री एक शब्द नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ: "काल तुम्ही प्यायला होतात. केंद्रात फोन कधी करताय?" उधारी फेडायची नाही, "ते आजारी आहेत" असं सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, खोटं सांगायचं नाही. तुमच्यासारख्या बायकांसाठी वेगळे गट असतात. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या जोडीने घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलं, तिथेही पत्नींचा गट आहे. जवळ काही नसेल तर केंद्रात विचारा, बऱ्याच सभा आता फोनवरही होतात. तिथे दुसरी एखादी "मी पण वास घेते" म्हणेल ना, तेव्हा तुम्हाला चार महिन्यांत पहिली झोप लागेल.

चिडचिडीचं थोडक्यात. दहा वर्षं रोज संध्याकाळी मेंदूला एकच गुंगी दिली, ती काढून घेतल्यावर तो काही महिने सैरभैर असतो. झोप तुटते, बारीक गोष्टीवर भडका उडतो, कशातच गोडी वाटत नाही. कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष. ते हसतील पुन्हा. फार काळ गप्प-गप्प राहिले तर मात्र डॉक्टरांना सांगा, उदासीनतेवर वेगळं औषध असतं. आणि "जगून काय करू" असं काही तोंडातून आलं, तर हसण्यावारी नेऊ नका. एकटं सोडू नका आणि १४४१६ ला फोन लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६.

आता पैसे वाया गेले का ते बघू. तुम्ही केळीवाल्या, तुम्हाला मी काय सांगणार! घड उतरवला, खोड कापलं, म्हणून केळ संपते का? जमिनीत कंद जिवंत असतो. पंधरा दिवसांत बुंध्याशी पिलं वर येतात. तुम्ही डोक्याला हात लावून "लागवड वाया गेली" म्हणत बसत नाही. विळा घेऊन वाफ्यात उतरता आणि पिलं कापता. पुन्हा येतात, पुन्हा कापता. कापायची राहिली तर महिन्या-दोन महिन्यांत कुठलं मूळ झाड आणि कुठलं पील ते कळत नाही. हळदीची ती रात्र म्हणजे एक पील. त्यांनी दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, रडले, म्हणजे स्वतः कापलं. तीन महिने कोरडे गेले ते त्या रात्रीने पुसले गेले नाहीत. फक्त एक काम राहिलं असेल. हळदीला नेमकं काय झालं, कोणी ग्लास दिला, त्याआधी दिवसभर जेवले होते का, कुणाशी वाजलं होतं का, हे केंद्रातल्या समुपदेशकासमोर बसून त्यांनी बोलायला हवं. तुमच्यासमोर नाही. तुमच्यासमोर ते माफी मागतील, आणि माफीत तपशील गळून जातात.

केंद्रातून आलं की काम झालं असं घरच्यांना वाटतं, इथेच सगळ्यांचं फसतं. माझंही फसलं होतं. घरी आलो त्याच्या चौथ्या दिवशी बैलगाडी जुंपली, शेतातून पऱ्हाट्या भरून निघालो. फाट्यावर देशीच्या दुकानासमोर आलो आणि लाल्या बैल आपोआप थांबला. मी कासरा ओढला नव्हता. दहा वर्षं रोज संध्याकाळी मी त्याला त्या निंबाखाली उभा करायचो, त्याला वाटलं हाच आपला थांबा. शेपटी पिरगाळली तरी हलेना. दुकानातला पोरगा हसत ग्लास घेऊन बाहेर आला. मी खाली उतरलो, जोखड धरलं आणि दोन्ही बैलांना चालत, ओढत तिथून पुढे नेलं. घामाने भिजलो. मला केंद्रात पाठवलं होतं, बैलाला कुणी पाठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पाटाच्या कडेची वाट धरली. दीड किलोमीटर लांब. लाल्याला महिना लागला. आणि संध्याकाळी सहा ते नऊ ही जी भोकं पडलेली वेळ होती, तिच्यात मी डेअरीला दूध घालायचं काम घेतलं. आधी ते हीच करायची. रांगेत किटली घेऊन उभं राहायचं, पुढे-मागे चार माणसं, प्यायलो तर लगेच कळणार. परत येऊन लगेच जेवण. रिकाम्या पोटी तलफ दुप्पट होते. तुमच्या मिस्टरांचा कुठला तास मोकळा आहे ते त्यांनाच विचारा, आणि तो भरायचा कशाने तेही त्यांनाच ठरवू द्या. केळीची गाडी भरली, मजूर-व्यापारी मोकळे झाले, हातात रोख आली, तो तास बहुतेक सगळ्यांचा घातकी असतो. पैसे खात्यात घ्यायला सांगा व्यापाऱ्याला. मी माझं एटीएम कार्ड हिला दिलं होतं, पण मी दिलं होतं, तिने काढून घेतलं नव्हतं. यात फार फरक पडतो.

सभांमध्ये चार गोष्टींवर नजर ठेवायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. आपल्या खान्देशात मी पाचवी जोडतो, तहान. बाहेर ४५ अंश, दिवसभर मळ्यात, घसा कोरडा, आणि शरीर पाणी मागत असताना जुन्या सवयीचं डोकं त्याचा अर्थ दारू असा लावतं. सोबत माठाचं पाणी, ताक, काहीही. तलफ येते, चढते आणि वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढी वीस मिनिटं पाय हलते ठेवायचे.

आखाजी. अवघड दिवस आहे हे खोटं बोलून उपयोग नाही. सालदाराचं साल त्या दिवशी फिटतं, पैसे हातोहात फिरतात, आणि वर्षभर पत्त्याला हात न लावणाराही त्या दिवशी डावाला बसला तरी कुणी बोलत नाही. पत्त्यांच्या बाजूला बाटली असतेच. पहिल्या वर्षी डावाला जाऊच नये असं माझं सरळ मत आहे. घरची घागर भरावी, पितरांना पाणी द्यावं, सांजोऱ्या-आमरस जेवावं, नवा सालदार ठरवावा, आणि दुपारनंतर गावाबाहेर जावं, मळ्यात, बहिणीकडे, केंद्रातल्या सोबत्याकडे. माझ्या पहिल्या आखाजीला मी आणि सभेतले एक मास्तर एस.टी.ने जळगावला गेलो आणि दिवसभर उसाचा रस पीत हिंडलो. इतका रस प्यायलो की रात्री पोट बिघडलं.

तरी कुणीतरी रस्त्यात गाठणारच. "ले ना भो, एक घोटमा काय व्हस?" याला "आज नको" म्हणायचं नाही, कारण मग तो उद्या येतो. "पोट ठीक नाही" म्हटलं तर तो औषध म्हणून देतो. "बायको ओरडते" तर अजिबात नाही. "मी सोडी दिधी भो," एवढं म्हणायचं आणि चालायला लागायचं. उभं राहून समजावत बसायचं नाही. हे वाक्य त्यांना घरी मोठ्याने म्हणायला लावा. हसू येईल, येऊ द्या. बऱ्याच दिवसांनी येईल.

राहिलं माहेर. पत्र वाचून दाखवत होतो तेव्हा ही शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "बाकी तुम्ही काय ते लिहा, पण तिला म्हणावं, मुऱ्हाळी आला की बस त्याच्या मागे." मी म्हटलं, मागे नवरा एकटा, आखाजी, गावात बाटल्या. ती म्हणाली, "मी पाच वर्षं थांबले होते. तुम्ही पाचही वर्षं प्यायलातच की."

हे खरं आहे. आणि ज्या वर्षी ती गेली, त्या वर्षी मी केंद्रातून आलेला, घरात चार दिवस एकटा. पहिल्या दिवशी मास्तरांसोबत जळगावला गेलो ते सांगितलंच. तिसऱ्या रात्री अंथरुणातून उठलो, चप्पल घातली, गाडीची किल्ली हातात घेतली. ओट्यावर किती वेळ उभा होतो, आठवत नाही. मग शेजारच्या तात्यांचं दार वाजवलं आणि किल्ली त्यांना दिली. त्यांनी काही विचारलं नाही. खुंटीला अडकवली आणि दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी ही परत आली, हातावर मेंदी, झोक्याचा दोर लागून तळवे सोललेले. दारात पिशवी ठेवली. मी वाट बघत होतो की आता ही जवळ येऊन वास घेईल. तिने पाणी मागितलं.

भावाला आजच होकार कळवा. दवाखान्याची तारीख मात्र त्याच्या आधीची घ्या.